काचेतली लाल टिकली

दुकानदाराने काउंटरवर तीन डब्या ओळीने मांडल्या. मैत्रेयीला क्षणभर वाटलं, आपण पिस्तुलासाठी नाही, कॅमेऱ्यासाठी आलो आहोत. पहिल्या डबीत अर्ध्या दुर्बिणीसारखी काळी नळी होती, दुसरीत तशीच पण आखूड नळी, आणि तिसरीत काडेपेटीएवढा एक तुकडा, त्यावर उभी चौकोनी काच.

"साईं, ही मोठी घेऊ नका," उल्हासनगर कॅम्प दोनमधला तो सिंधी दुकानदार म्हणाला. त्याचा धंदा एअरगनचा आणि कॅरम बोर्डांचा. "ही रायफलवर शोभते. तुमच्या छोट्या पिस्तुलावर लावली तर बकरीवर हौदा ठेवल्यासारखं दिसेल."

तिचा नवरा मिलिंद हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मैत्रेयीलाही हसावंसं वाटलं, पण तिचं लक्ष दुकानाच्या दाराकडे होतं. रस्त्यापलीकडे एक मोटरसायकल उभी होती. तिच्यावरचा माणूस पानवाल्याशी बोलत होता. बोलतच होता.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून तिची नजर अशीच झाली होती. शिरगावात एका बांधकामावर बिल्डरच्या माणसांनी रखवालदाराला मरेपर्यंत मारलं, ते मिलिंदने पाहिलं. मध्ये पडला तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्यावर सळई बसली. डोळा वाचला, पण त्या डोळ्याला जवळचं काही धड दिसेना. खटल्यात तोच मुख्य साक्षीदार. धमक्यांचे फोन आले, वर्षभर खेटे घातल्यावर पिस्तुलाचा परवाना आला, आणि आता येत्या गुरुवारी कल्याणच्या कोर्टात साक्ष होती.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर एक बारीक माशी असते आणि मागे खाच. दोन्ही जुळवून नेम धरायचा. मिलिंदला ती माशीच पुसट दिसायची. म्हणून हे लाल ठिपक्याचं यंत्र. काचेतून समोर बघायचं, ठिपका जिथे दिसेल तिथे गोळी.

"ह्याला लेसर समजू नका," दुकानदाराने तिसरा तुकडा मिलिंदच्या हातात दिला. "ते जत्रेतलं खेळणं वेगळं, भिंतीवर लाल उजेड मारणारं. ह्यातला ठिपका बाहेर पडतच नाही. जो मागून काचेतून बघेल, त्यालाच दिसणार. समोरच्याला घंटा कळत नाही."

मिलिंदने यंत्र डोळ्यापुढे धरून दुकानाच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मैत्रे, दिसतोय! चष्म्याशिवाय दिसतोय."

"झटका सोसेल का?" मैत्रेयीने दुकानदाराला विचारलं. "एअरगनला झटका नसतो. ह्याला असतो."

दुकानदाराने तिच्याकडे जरा नव्याने पाहिलं. "भाभी शिकलेल्या दिसतात." त्याने तो तुकडा परत घेतला, आतून तसाच पण जाड पत्र्याचा दुसरा काढून ठेवला. "हा सोसेल. आठशे रुपये जास्त."

"बंद करायचं बटण?"

"हे. दाबून धरायचं. आपोआप बंद होत नाही."

आपोआप बंद होत नाही, हे तिने मनात लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची. बीएस्सीला प्रयोगाच्या वहीतलं तिचं अक्षर शिक्षक वर्गाला दाखवायचे. आता त्याच नीटनेटकेपणाने ती दाराच्या कड्या, अनोळखी नंबर आणि मोटरसायकली मोजायची. बाहेर आले तेव्हा मोटरसायकल गेलेली होती. त्याने बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, गेली कुठे?

विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या गल्लीत हिंदुराव काकांचं वर्कशॉप. साताऱ्याकडचे, सगळं आयुष्य फिटर म्हणून कारखान्यात गेलेलं, आता घराखालच्या गाळ्यात एक लेथ आणि वस्तू घट्ट पकडणारे दोन वाइस. मिलिंद पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकाऊ होता.

"ये रं साक्षीदार," काका म्हणाले. "बायकोला बॉडीगार्ड म्हणून आणलीस व्हय?"

"तीच येते म्हणाली. विश्वास नाही माझ्यावर."

"बराबर हाय तिचं. माझाबी न्हाई." त्यांनी हात पुसले, पण मिलिंदने पुढे केलेलं पिस्तूल घेतलं नाही. "आदी मोकळं कर. माझ्यासमोर."

मिलिंदने मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला, आत पाहिलं. "मोकळं."

काकांनी ते हातात घेतलं आणि पुन्हा सगळं केलं. आत पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं. "माझ्याकडं रीत हाय. पैल्यांदा मालकानं बघायचं. मग ज्याच्या हातात जाणार त्यानं. आन् तिसऱ्यांदा जो जास्त घाबरलाय त्यानं." त्यांनी पिस्तूल मैत्रेयीपुढे केलं. "ये पोरी."

"मी? मला नको, काका."

"तूच पायजेस. मालकाला खात्री असती, म्हणून त्याला दिसत न्हाई. घाबरलेल्या माणसाला नीट दिसतं. घाल करंगळी."

तिने करंगळी घातली. थंड, तेलकट, रिकामी पोकळी लागली. घरी चार वर्षांची ऋतिका होती, आणि तिची करंगळी ह्या भोकात कितीतरी सहज गेली असती.

मग पाऊण तास काकांचं काम चाललं. पितळी खुंटी लावून हलक्या ठोक्यांनी त्यांनी मागची खाच बाजूला सरकवून काढली. तिच्या जागी बसेल अशी पट्टी कानशीने घासत गेले. दोन घास, बसवून बघायची. दोन घास, बसवून बघायची. मिलिंद घाई करायला लागला तेव्हा म्हणाले, "गप. जास्त घासलं तर परत भरून येत न्हाई." पट्टी बसली, तिच्यावर यंत्र बसलं. स्क्रूंना त्यांनी निळा चिकट द्रव लावला आणि आवळले.

"हे वाळू दे. दोन दिवस हिसके देऊ नगंस. आन् मैदानावर जाऊन गोळ्या मारून ठिपका जुळवल्याबिगर त्याच्यावर इस्वास ठेवायचा न्हाई. तवर तो खोटं बोलतोय असं समज."

"मैदानाची तारीख पुढच्या शुक्रवारची मिळालीय."

"आन् साक्ष गुरवारी? मग कशापायी घाई केलीस मर्दा?"

मिलिंदने वाकून काचेतला ठिपका पाहिला. घाई कशाची, ते मैत्रेयीला ठाऊक होतं. गोळी कुठे का जाईना, काहीतरी दिसायला हवं होतं त्याला.

घोळ कळला तो हेंद्रेपाड्याला घरी आल्यावर. पिस्तूल ठेवायला पलंगाजवळ एक छोटी लोखंडी पेटी होती, नंबरच्या कुलपाची. यंत्राची काच दीड बोट वर आलेली. पेटीचं झाकण लागेना. कमरेच्या कातडी म्यानातही ते जाईना. मिलिंदने काकांना फोन केला. काका म्हणाले, मोठी पेटी करून देतो, सोमवारी ये.

"तोवर कपाटाच्या लॉकरमध्ये ठेव," मैत्रेयी म्हणाली.

"लॉकरची चावी शोधेपर्यंत ते दार फोडून आत येतील."

"ते" म्हणजे कोण, हे दोघांनीही कधी एकमेकांना विचारलं नाही. पिस्तूल निळ्या पिशवीत घालून कपाटाच्या डोक्यावर, सूटकेसच्या मागे गेलं. मैत्रेयीने शांतपणे दोन्ही प्लास्टिकच्या खुर्च्या गॅलरीत नेऊन ठेवल्या.

त्या शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या इमारतीखाली पुन्हा एक मोटरसायकल येऊन थांबली. तीच की दुसरी, सांगता येत नव्हतं. मिलिंद पडद्याआड उभा राहून बघत राहिला. मग आतल्या खोलीत गेला. मैत्रेयी ऋतिकाला वरणभात भरवत होती. तिला आतून धातूचा एक खटका ऐकू आला, पण तो कसला हे विचारायचं धैर्य झालं नाही. थोड्या वेळाने मोटरसायकलवाल्याकडे जिन्यातून एक मुलगी धावत आली, मागे बसली आणि दोघं गेली.

शनिवार गेला. मिलिंदच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे रविवारी सकाळी तो अंबरनाथला कामावर गेला. पिशवी कपाटावरच राहिली.

दुपारी अंघोळीनंतर मैत्रेयी आरशापुढे उभी होती. ऋतिका तिच्या पायाशी बसून टिकल्यांचं पाकीट उलटंपालटं करत होती.

"आई, तुझी टिकली चॉकलेटी आहे."

"हो गं."

"बाबाची लाल आहे. चमकते."

"बाबा कुठे टिकली लावतो, वेडाबाई?"

"लावत नाही. काचेत आहे. असा एक डोळा मिटायचा," ऋतिकाने तळहाताने डोळा झाकला, "मग टिकली पंख्यावर बसते. मग दारावर बसते. मी तुझ्या फोटोवर पण बसवली."

मैत्रेयीच्या हातातला कंगवा तसाच केसात राहिला. जो मागून काचेतून बघेल, त्यालाच दिसणार. दुकानदाराचे शब्द. बाजूने नाही, समोरून नाही. मागून. जिथे मूठ असते तिथून.

"कधी बसवलीस, राणी?" आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला फार कष्ट पडले. ओरडलं की ही पोर गप्प होते, मग दोन दिवस सांगत नाही.

"नाही सांगणार. गंमत आहे."

तिने कपाटाकडे पाहिलं. पिशवीची निळी कड सूटकेसमागून दिसत होती. काल दिसत होती का? ती गॅलरीत धावली. खुर्च्या जागेवर होत्या. तिने वाकून त्यांच्यावरची धूळ पाहिली. छोट्या पायाचा ठसा नव्हता. मग पलंगाचा काठ? कपाटाच्या खालच्या कप्प्याचं दार उघडून त्यावर पाय दिला असेल? तिने ऋतिकाचे तळवे पाहिले, बोटं पाहिली, एकेक करून, जणू काही कमी झालं असेल. बोटांचा वास घेतला. साबणाचाच वास येत होता.

पिशवी खाली काढावी असं वाटलं आणि हात वर जाईना. स्क्रूचा गोंद वाळलाय का, आत काय आहे, कुठे धरायचं, काहीच माहीत नव्हतं. परवाना नवऱ्याच्या नावावर. ती घरातली एकमेव वस्तू होती जिला तिने हात लावणं गुन्हा होता, आणि न लावणं त्याहून भयंकर वाटत होतं.

शेवटी तिने ऋतिकाला कडेवर घेतलं, खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली, कडीत कुलूप अडकवलं, घराला दुसरं कुलूप लावलं आणि समोर चांगुणाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय गो, तोंड काय झालंय तुझं? पीठ फासलंस काय?" चांगुणाबाई म्हणाल्या. त्या मूळच्या तिथल्याच, शेतं गेली आणि बदल्यात फ्लॅट आला.

"जरा बसू का तुमच्याकडे? पाणी गेलंय आमचं."

"पानी तर माझ्या नलाला धो धो हाय." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. "बस. पोरीला दे इथं. बाय माझी, भाकरीचा चंद्र खातेस?"

मैत्रेयीने जिन्यात जाऊन मिलिंदला फोन लावला. "घरी ये."

"कोणी आलंय?" त्याचा आवाज लगेच खाली गेला. "मैत्रे, कोण आहे?"

"कोणी नाही. आत्ता निघ."

तो तासाभरात आला, घामाघूम, वाटेत प्रत्येक माणसाकडे संशयाने बघत आलेला. मैत्रेयीने ऋतिकाला चांगुणाबाईंकडेच ठेवलं. दोन्ही कुलपं उघडली, खोलीत नेऊन दार लावलं आणि ऋतिका काय म्हणाली ते सांगितलं.

मिलिंदने मोठा श्वास सोडला. "एवढंच? अगं, मीच दाखवलं तिला. काल, तू दूध आणायला गेलीस तेव्हा. ठिपका बघत होतो तर ही आली. म्हटलं एकदा बघू दे, म्हणजे कुतूहल जाईल. लपवून ठेवलं की मुलं जास्त शोधतात."

मैत्रेयी पलंगावर बसली. पोर वर चढली नव्हती. सुटकेचा पहिला क्षण गेला आणि त्याच्यामागून दुसरी भीती वर आली.

"तिच्या हातात दिलंस?"

"धरलं मीच होतं. तिने फक्त हात लावला. मॅगझिन काढलं होतं, मैत्रे. मी काय वेडा आहे का?"

"आत बघितलंस?"

"मॅगझिन काढल्यावर आत काय असणार?"

"काकांसारखं मागे ओढून बघितलंस का, ते विचारतेय."

"काकांनीच सांगितलंय हिसके देऊ नको म्हणून. स्क्रूचा तो गोंद वाळत होता. म्हणून नाही ओढलं. तू ना, उगाच—"

"आत्ता ओढ."

"मैत्रे, काय चाललंय—"

"तू बघ. मग मी बघते."

तो चिडला होता. चिडूनच त्याने पिशवी खाली काढली, पिस्तुलाचं तोंड खिडकीबाहेरच्या मोकळ्या रानाकडे केलं, मॅगझिन काढून उशीवर टाकलं. "हे बघ. मोकळं." आणि वरचा भाग खसकन मागे ओढला.

एक गोळी उडून बाहेर आली. फरशीवर टणकन आपटली, उडाली आणि पलंगाखाली घरंगळत गेली. भिंतीला लागून थांबल्याचा आवाजही ऐकू आला.

बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता.

मिलिंदने पिस्तूल अगदी सावकाश गादीवर ठेवलं. "शुक्रवारी," तो म्हणाला. "ती मोटरसायकल आली होती ना. तेव्हा मी एक आत चढवून ठेवली. नंतर ती पोरगी आली, ते गेले, आणि मी विसरलो. तशीच राहिली."

"म्हणजे काल होती."

"काल होती."

"तिने माझ्या फोटोवर टिकली बसवली म्हणते. फोटोसमोर कोण होतं तेव्हा?"

"कोणी नव्हतं. भिंत होती."

"तिचं बोट कुठे होतं, मिलिंद?"

"माझ्या हातावर. वाटतं. मी ठिपक्याकडे बघत होतो." मग तो फरशीवर बसला. ज्या माणसाने सळई घेऊन आलेल्या चौघांपुढे जाऊन उभं राहायला मागेपुढे पाहिलं नव्हतं, तो गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला.

मैत्रेयीला रडू आलं नाही. तिने केरसुणी आणली, पलंगाखाली पालथं पडून गोळी बाहेर ओढली. मग पिस्तुलाजवळ गेली. परवान्यावर नवऱ्याचं नाव होतं, तिचं नव्हतं. तरी तिने करंगळी आत घातली, चाचपून बघितलं, पुन्हा एकदा चाचपलं. रिकामं. आता खरंच रिकामं.

"उद्या काकांची पेटी मिळेल," डोळे पुसत मिलिंद म्हणाला. "मोठी. कुलूपवाली."

"पेटीला काय करू? पेटी तूच उघडणार. तुला कसला तरी आवाज आला की उघडणार, आत चढवणार, आणि मग विसरणार. मी झोपेत असेन, नाहीतर दूध आणायला गेलेली असेन."

"मग गुरुवारी काय करू? नुसता जाऊ?"

नुसता गेला तर परत येईल का, हे तिला माहीत नव्हतं. तिला फक्त एवढं माहीत होतं की ते लोक घरात अजून आलेले नाहीत आणि गोळी काल घरात होती. हे तिने त्याला तसंच सांगितलं.

"साक्ष देऊ नको म्हणतेस?"

"तसं म्हटलं का मी? साक्ष दे. त्या रखवालदाराच्या बायकोला मी तोंड कसं दाखवू नाहीतर? पण हे घरात नको."

सोमवारी सकाळी दोघं पोलीस ठाण्यात गेले. पिस्तूल, मॅगझिन, मोजलेल्या गोळ्या, परवाना. जमा करून घेणारा हवालदार, सोमा नाव, अर्ज वाचता वाचता थांबला.

"गुरुवारी साक्ष, आणि सोमवारी हत्यार जमा? लोक उलटं करतात, साहेब."

"घरात लहान मूल आहे," मिलिंद म्हणाला.

"मूल परवाना घेतला तेव्हापण होतं ना?" हवालदाराने पिस्तूल वर धरून काचेकडे पाहिलं. "हे काय बसवलंय?"

"नेम धरायला. मला जवळचं दिसत नाही."

"बरं आहे," हवालदार म्हणाला, आणि त्याला काय बरं वाटलं ते दोघांनाही कळलं नाही.

"एक कोरा कागद द्याल?" मैत्रेयी म्हणाली.

बाकावर बसून तिने अर्ज लिहिला. घटना, तारीख, आलेल्या फोनचे नंबर आणि वेळा, अकरा मोटरसायकलींच्या नंबरांच्या पाट्या, त्यातल्या चार पूर्ण. गुरुवारी घरापासून कोर्टापर्यंत आणि परत येईपर्यंत सोबत एक पोलीस मिळावा. वर्षभर मनात लिहून ठेवलेलं सगळं दीड पानात मावलं. हवालदाराने कागद घेतला, पाट्यांची यादी दोनदा वाचली.

"एवढं आधी का नाही दिलंत?"

"मला वाटायचं, मीच वेडी आहे."

"साहेब आल्यावर दाखवतो. सांगू नाही शकत काही."

मंगळवार गेला, बुधवार गेला. फोन आला नाही. मैत्रेयी दोन्ही रात्री जागी राहिली. घर पूर्वीपेक्षा उघडं वाटत होतं. मिलिंदही झोपला नव्हता, पण दोघं एकमेकांना झोपल्यासारखं दाखवत राहिले. मध्ये ऋतिका पाय टाकून आडवी पसरली होती.

गुरुवारी सव्वाआठला मिलिंद शर्टाची बटणं लावत होता तेव्हा बेल वाजली.

दोघंही जागच्या जागी थांबले. मिलिंदचा हात कमरेकडे गेला आणि तिथे काहीच नसल्यामुळे तसाच लोंबत राहिला. मैत्रेयीने ऋतिकाला उचलून आतल्या खोलीत ठेवलं, दार ओढलं आणि स्वतः पुढे झाली.

"कोण?"

"नाथा भोईर. पोलीस ठाण्यातून. कोर्टात सोबत जायचंय म्हणे."

"कोणी पाठवलं?"

"सोमा हवालदारांनी. वहिनी, उघडा की, जिना चढून दम लागलाय."

"आधी ओळखपत्र. दाराखालून सरकवा."

बाहेर कोणीतरी पुटपुटलं. मग दाराच्या फटीतून एक मळकं कार्ड आत आलं. तिने ते उचललं, फोटो पाहिला, शिक्का पाहिला, नंबर मिलिंदकडून ठाण्यात फोन करून पडताळून घेतला. तेवढा वेळ बाहेरचा माणूस कंटाळून भिंतीला पाय घासत होता.

"आहे," मिलिंद फोन ठेवत म्हणाला. "खरा आहे."

मैत्रेयीने कडी काढली. साखळी मात्र तशीच ठेवून आधी एका डोळ्याएवढंच दार उघडलं.